पंचवटीतल्या वाड्यातला जुना वॉल्व्हचा रेडिओग्राम घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या पंचवटीतला एक वाडा रिकामा होतोय. तिथे साठच्या दशकातला जर्मन स्टिरिओ रेडिओग्राम, म्हणजे एकाच कॅबिनेटमध्ये रेडिओ आणि तबकड्यांची मशीन, आहे. मालक म्हणतात, "चालू आहे, लावून दाखवतो." तो घ्यावा का, आणि घेतला तर दुरुस्तीला सुरुवात कुठून करावी?

घ्या. पण आधी मालकांना फोन करून सांगा की कृपा करून लावून दाखवू नका. प्लगला हातच लावू नका म्हणावं. या उत्तरातलं एवढं एकच वाक्य तुमच्या लक्षात राहिलं तरी मला पुरे.

अशा सेटमध्ये आउटपुट वॉल्व्हच्या, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या काचेच्या नळीच्या, आधी एक लहानसा कागदी कंडेन्सर असतो. आधीच्या वॉल्व्हवरचा दीड-दोनशे व्होल्टचा डीसी अडवायचा आणि फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडायचा, एवढंच त्याचं काम. साठ वर्षांत त्याच्यातला कागद ओल धरतो आणि डीसी थोडा थोडा झिरपायला लागतो. आउटपुट वॉल्व्हच्या ग्रिडवर (करंट किती वाहायचा ते ठरवणाऱ्या आतल्या जाळीवर) नको तो पॉझिटिव्ह दाब येतो, करंट वाढतो, आतली प्लेट लाल होते. गंमत अशी की सेट तेव्हाही छान वाजत असतो. ऐकणारा खूश, आणि आत वॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि मेन ट्रान्सफॉर्मर तिघेही भाजत असतात. कंडेन्सर किरकोळ पैशांत मिळतो, ट्रान्सफॉर्मर मात्र तसा बाजारात मिळत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की बंद पडलेला पण कुणी हात न लावलेला सेट हा "चालू" सेटपेक्षा कधीही बरा. आपल्याकडे "चालू" म्हणजे पुष्कळदा मूळ अँप्लिफायर काढून भंगारात दिलेला आणि त्या जागी गाडीच्या अँपचं किट आणि ब्लूटूथची पट्टी बसवलेली. देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यातला देखणा सेट मी असा पाहिलाय. बाहेरून लखलखीत, आत वॉल्व्हची रिकामी सॉकेट्स आणि मधोमध दोन पेचांवर लोंबणारं बोर्ड. कुणा मेकॅनिकने ते केलं होतं आणि वर पैसेही घेतले होते. तो सेट आता कोणी काही केलं तरी परत येत नाही.

पाहायला जाताना टॉर्च, मल्टिमीटर आणि पेचकस घेऊन जा, तेही दिवसाउजेडी.

पहिलं पाहायचं ते तळ. पंचवटीतला वाडा म्हणजे गोदावरी फार लांब नाही. १९६९ चा पूर तुमच्या घरच्या मोठ्यांना आठवत असेल. २००८ आणि २०१६ मध्येही दुतोंड्या मारुतीला (नदीतल्या ज्या मूर्तीवरून नाशिककर पुराची उंची मोजतात तिला) पाणी लागलं तेव्हा काठच्या घरांत पाणी शिरलं होतं. मालकांना सरळ विचारा, पुराचं पाणी या खोलीत आलं होतं का? ते नाही म्हणाले तरी रेडिओग्राम थोडा तिरका करून खालचा प्लाय बघा. एका पातळीत गेलेली पिवळट रेघ, सुटलेले थर, गंजलेल्या खिळ्यांभोवती काळे डाग दिसले तर स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मरही भिजलेत असं धरून चाला. पाय पोखरलेले आहेत का, बारीक भोकांखाली पिठासारखी भुकटी पडलीय का, हेही तेव्हाच बघून घ्या.

मग मागचा पुठ्ठा उघडा. वॉल्व्ह कुठे कोणता ते त्यावरच छापलेलं असतं. नाव "ई" या अक्षराने सुरू होत असेल, म्हणजे ईसीएच८१, ईएफ८९, ईसीसी८३, ईएल८४ असं, तर त्यांचे हीटर ६.३ व्होल्टचे आणि सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर आहे. "यू"ने सुरू होणारी नावं दिसली, यूसीएच८१ किंवा यूएल८४, तर सावध. त्या एसी-डीसी पद्धतीच्या सेटमध्ये चेसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेनच्या एका वायरला जोडलेलं असतं आणि प्लग उलटा बसला तर अख्ख्या चेसिसवर फेज येतो. सेटला मेनपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर त्याला उघडा हात लावायचा नाही.

वॉल्व्हच्या नावांवरून घासाघीसही करता येते. ईएल८४ आणि ईसीसी८३ रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये आजही बनतात, कारण गिटारच्या अँपना ते लागतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी वॉल्व्ह बनवले, त्यामुळे बीईएल छापलेले न वापरलेले नग आपल्याकडे अजून निघतात. पण ग्रुंडिग या जर्मन कंपनीच्या काही स्टिरिओंमध्ये ईएलएल८० नावाचा जुळा आउटपुट वॉल्व्ह असतो. तो आता कुणी बनवत नाही, आणि जुना नग मिळाला तर महाग पडतो. पुठ्ठ्यावर तो दिसला तर किंमत निम्म्यावर आणायला हरकत नाही. मॅजिक आयचंही (स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणाऱ्या हिरव्या डोळ्याचंही) तसंच, मात्र तो मंद पेटला तरी गाण्याला काही होत नाही.

ईएल८४ असेल तर तिथल्या तिथे एक तपासणी करता येते. सेटचा प्लग काढलेला आहे याची खात्री करा. वॉल्व्ह अलगद हलवत वर उपटा. सॉकेटच्या ७ आणि ९ नंबरच्या भोकांत मल्टिमीटरचे प्रोब लावून ओहम बघा. काहीशे ते एक-दोन हजार असा आकडा आला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी वाइंडिंग शाबूत आहे. मीटर हललाच नाही तर वाइंडिंग बहुतेक तुटलंय. केसासारखी तांब्याची तार दमट हवेत हिरवी पडून तुटते, आणि आपला पावसाळा त्याला पुरेसा असतो. स्टिरिओ आहे म्हणून दोन्ही बाजू मोजा. वाइंडिंग पुन्हा भरून मिळतं, पण ते मोटार भरणाऱ्याकडे देऊ नका. प्रायमरी-सेकंडरीचे थर एकाआड एक असतात, ते ज्याला कळतात त्याच्याकडेच द्या.

डायलची काच तडकलेली नको. तसली काच पुन्हा मिळणं जवळजवळ अशक्य. स्पीकरचा कागदी कोन थोडा फाटला असेल तर चालतं, पातळ टिश्यू पेपर आणि पाणी घातलेलं फेव्हिकॉल लावून तो चांगला जोडला जातो. आणि आत तळाशी एखादं जुनं पाकीट चिकटवलंय का ते बघा. पुष्कळ जर्मन सेटमध्ये सर्किट डायग्राम तिथेच ठेवलेला असतो. पोस्टाचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक सापडलं तर तेही मालकांकडून मागून घ्या, त्यावरून सेट कधीचा ते कळतं.

आता घरी आणल्यावर.

वॉल्व्हच्या सेटमध्ये अडीचशे ते तीनशे व्होल्ट डीसी खेळतो. प्लग काढला तरी मोठ्या गोल अल्युमिनियमच्या कंडेन्सरमध्ये तो साठलेला असतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या वायरींनी लावून तो आधी रिकामा करा आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत बोट घालू नका. वीज आयुष्यात कधी हाताळली नसेल तर इथून पुढचं काम जाणत्या माणसाच्या शेजारी बसून करा. मी सातपूरच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये नोकरी केली, तरी सेट चालू असताना डावा हात खिशातच ठेवतो.

सगळ्यात आधी सगळे कागदी कंडेन्सर बदला. मेणाचे, काळ्या डांबराचे, कोणतेही असोत, मोजत बसू नका. जुन्यावर जेवढे मायक्रोफॅरॅड लिहिलेत तेवढ्याचेच, ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलिन टाका. एकेक काढायचा, नवा लावायचा, मगच दुसरा. सगळे एकदम काढले की कुठला कुठे हे डायग्राम असूनही चुकतं. मेनच्या दोन वायरींमध्ये असलेला कंडेन्सर एक्स२ (मेनसाठीच बनवलेल्या सुरक्षित) प्रकारचाच हवा आणि मेनपासून चेसिसला गेलेला वाय२ प्रकारचाच हवा. साधा लावलात आणि तो शॉर्ट झाला तर घराला आग लागू शकते. मोठे इलेक्ट्रोलिटिकही नवे टाका, जुना डबा शोभेला वर राहू द्या.

एसीचा डीसी करणारा सेलेनियम रेक्टिफायर असेल तर तोही काढा. चपटा, चेसिसला चिकटलेला चौकोनी तुकडा असतो. तो जळतो तेव्हा सडलेल्या लसणासारखा वास येतो आणि तो धूर विषारी असतो. त्याच्या जागी सिलिकॉन ब्रिज लावला की व्होल्टेज चढतं, कारण सेलेनियम स्वतःच बरेच व्होल्ट खात होता. म्हणून एक १० वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घालून डायग्राममधल्या आकड्यापर्यंत खाली आणायचं. मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो. त्यावर २४० ची खूण असेल तर तिथेच ठेवा. हे सेट २२० व्होल्टसाठी बनले आणि आपल्याकडे रात्री कधी कधी त्याहून बरंच जास्त येतं.

यानंतर पहिल्यांदा वीज, तीही सिरीज बोर्डवरून. ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर भरकन पेटून मंद झाला तर ठीक. तसाच लखलखत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. स्पीकर मात्र जोडलेले हवेत. स्पीकर न जोडता वॉल्व्हचा अँप वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर फुंकला जाऊ शकतो.

मग थेट विजेवर ईएल८४ च्या २ नंबरच्या पिनवर डीसी मोजा. तिथे शून्य हवं. वर सांगितलेल्या देवळालीजवळच्याच दुसऱ्या एका सेटमध्ये, जुना कंडेन्सर असताना, मला तिथे ४ व्होल्ट मिळाले होते आणि अंधारात प्लेटच्या शिवणीवर लाल रेघ दिसत होती. तो एक कंडेन्सर बदलला, व्होल्ट शून्यावर आले, रेघ विझली, आणि दबलेला खर्ज मोकळा झाला. ३ नंबरवर, म्हणजे कॅथोडवर, साधारण ७ व्होल्ट मिळाले की वॉल्व्ह आरामात काम करतोय असं समजा.

सामानासाठी मुंबईला लॅमिंग्टन रोड गाठा. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत. रविवारी जाऊ नका.

चेंजर, म्हणजे तबकड्या आपोआप बदलून वाजवणारी मशीन, बिघडलाय असं वाटलं तरी बहुतेकदा तो फक्त जाम असतो. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं आणि पिकअपचा (सुईचा) हात फिरत नाही. जोर लावू नका, पितळी गिअर दात सोडतो. सगळं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा, बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या, रबरी चाकाची चकाकलेली कड बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. पिकअपच्या टोकाला सुई धरणाऱ्या कार्ट्रिजमध्ये क्रिस्टल असेल तर तो दमटपणाने मेलेला असणार, सिरॅमिक कार्ट्रिज लावा. हल्लीची मॅग्नेटिक कार्ट्रिज थेट लावू नका, तिचे चार-पाच मिलिव्होल्ट या अँपला ऐकूच येणार नाहीत.

घरात आजोबांच्या बालगंधर्वांच्या, हिराबाईंच्या ७८ च्या तबकड्या असतील तर सुईकडे नीट लक्ष द्या. त्यांची सुई एलपीच्या सुईपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद असते. कार्ट्रिजवरची खिट्टी फिरवून ती बदलता येते. ७८ ची सुई एलपीवर टेकली की तबकडी कायमची गेली.

रेडिओबद्दल आधीच सांगतो, म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. डायलवर यूकेडब्ल्यू लिहिलेला पट्टा म्हणजे एफएम, पण त्या काळच्या बऱ्याच जर्मन सेटमध्ये तो १०० मेगाहर्ट्झला संपतो. आकाशवाणी नाशिक १०१.४ वर आहे, म्हणजे काट्याच्या जरासं पलीकडे. ट्युनरचं अलाइनमेंट करून तिथपर्यंत नेता येतं, पण ते काम अनुभवी माणसाचंच. आणि "स्टिरिओ" ही पाटी बहुधा तबकड्यांपुरती असते. जर्मनीत स्टिरिओ एफएम १९६३ ला सुरू झालं, त्याआधीच्या सेटमध्ये रेडिओ मोनोच वाजतो. मीडियम वेव्हवर रात्री मुंबई लागते, मात्र घरातले एलईडी दिवे बंद केल्यावर जास्त स्वच्छ.

कॅबिनेटला सनमायका लावू नका, पीयू मारू नका, मशीनने घासू तर अजिबात नका. वरचा व्हीनियर एक मिलिमीटरही जाड नसतो, एकदा आरपार गेला की खालचा प्लाय दिसतो. आधी ओल्या मऊ फडक्याने धूळ काढा, पुष्कळदा खाली मूळ चकाकी शाबूत असते. सुतार बोलवायचाच तर चपडी-स्पिरिटचं हाताने फ्रेंच पॉलिश करणारा जुना माणूस शोधा.

आणि वाड्यातून हलवताना चेंजरच्या प्लेटवरचे दोन-तीन मोठे ट्रान्झिट स्क्रू आवळून घ्या, म्हणजे स्प्रिंगवरची मशीन टेम्पोत उसळणार नाही. पिकअपचा हात सुतळीने बांधा. मागचा पुठ्ठा कुणी जिन्याखाली टाकलेला असतो, तो मागून घ्या. वॉल्व्हचा नकाशा त्यावरच आहे.