जुन्या पुस्तकातील आलेख आणि आजचा अहवाल

प्रश्न : पुण्यात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मला अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड टफ्टी यांच्या, आलेख कसे काढावेत हे सांगणाऱ्या ‘द व्हिज्युअल डिस्प्ले ऑफ क्वांटिटेटिव्ह इन्फर्मेशन’ या पुस्तकाची १९८३ सालची पहिली आवृत्ती मिळाली. आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचे काम माझ्याकडे असते आणि त्यातील आलेख संगणकावर आयते निघतात. इतक्या जुन्या पुस्तकाचा मला काही उपयोग होईल का, की नवी आवृत्ती घ्यावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पुस्तक अवश्य जवळ ठेवावे. २००१ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्तंभालेखाचे आद्य जनक विल्यम प्लेफेअर यांच्या आलेखांच्या रंगीत प्रतिकृती आणि बऱ्याच दुरुस्त्या आहेत; तथापि मूळ विवेचन तेच असल्याने तेवढ्यासाठी पुन्हा खर्च करण्याचे कारण नाही. फक्त फ्रेंच अभियंते शार्ल मिनार यांचा १८६९ सालचा नकाशा आपल्या प्रतीत शाबूत आहे ना, हे पाहून घ्यावे. नेपोलियनच्या १८१२ च्या रशियावरील स्वारीत निघालेल्या ४,२२,००० सैनिकांपैकी जेमतेम १०,००० परतले, हे त्यात एका पट्ट्याच्या घटत जाणाऱ्या जाडीतून दिसते आणि परतीच्या वाटेखाली त्या त्या ठिकाणचे तापमानही नोंदलेले आहे.

संगणक आलेख आयता देत असला, तरी तो वाचणाऱ्याची दिशाभूल करतो की नाही, हे आपल्यालाच तपासावे लागते आणि त्यासाठी या पुस्तकाचे दुसरे प्रकरण आधी वाचावे. त्यात अमेरिकेतील मोटारींच्या इंधनक्षमतेविषयीचे एका वृत्तपत्रातील चित्र दिले आहे. दर गॅलनला १८ मैलांवरून २७.५ मैल, म्हणजे ५३ टक्के वाढ अपेक्षित होती. चित्रातील रेषांची लांबी मात्र ७८३ टक्क्यांनी वाढलेली होती. चित्रातील वाढीला प्रत्यक्ष वाढीने भागून टफ्टी खोटेपणाचे माप काढतात आणि ते येथे १४.८ येते. हाच हिशेब आपल्या अहवालाला लावून पाहावा. समजा, ठेवी ४० कोटींवरून ४४ कोटींवर गेल्या आणि स्तंभांचा तळ शून्याऐवजी ३८ कोटींवर धरला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसेल. वाढ दहा टक्क्यांचीच असेल, पण वार्षिक सभेत सभासदांच्या नजरेत तो तिप्पट स्तंभच भरेल. (संचालक मंडळाला असा आलेख आवडण्याचा संभव आहे, हे वेगळे सांगायला नको.)

टफ्टी यांचे सगळेच मानावे असे मात्र नाही. आकड्यांची माहिती न देणारी शाई शक्य तितकी पुसून टाकावी, हा त्यांचा आग्रह काही ठिकाणी अतिरेकाला जातो. चौकट पुसून नुसत्या रेघा ठेवलेले त्यांचे काही सुधारित आलेख सरावाशिवाय वाचता येत नाहीत. अहवालातील पट्ट्यांच्या त्रिमितीय सावल्या जरूर काढून टाकाव्यात, फिकट आडव्या रेघा राहू द्याव्यात. पाच-सहा वर्षांच्या ठेवींसारखे मोजकेच आकडे असतील, तर आलेखाऐवजी साधा तक्ता द्यावा, हा त्यांचा सल्ला मात्र जसाच्या तसा घ्यावा.