थोरलीने मोदक, धाकटीने पोळ्या

तुलनात्मक लाभाच्या सिद्धांताबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी काही पत्रं आज घेतो आहे. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

एस.वाय.बी.कॉम.ला आहे. निरपेक्ष लाभ आणि तुलनात्मक लाभ या दोन्हींच्या व्याख्या पाठ आहेत. पण एखादा देश सगळ्याच वस्तू दुसऱ्यापेक्षा कमी कष्टात बनवत असेल, तर त्याने दुसऱ्याकडून काही विकत का घ्यावं, हे सर, डोक्यात शिरत नाही. — विद्यार्थिनी, विलेपार्ले

व्याख्या जरा बाजूला ठेव. दादरला दोन जावा पोळीभाजी केंद्र चालवतात असं समज. गणपतीचे दिवस आहेत, पोळ्यांचीही मागणी आहे आणि उकडीच्या मोदकांचीही. थोरली तासाला ६० पोळ्या करते किंवा ३० मोदक वळते. धाकटी अजून शिकते आहे, तिच्या हातून तासाला ४० पोळ्या होतात किंवा १० मोदक. थोरली दोन्हींत सरस आहे. हा झाला निरपेक्ष लाभ. इथे थांबलं तर धाकटीने ओट्यापाशी यायचंच कशाला, असं वाटेल.

आता सहा तासांचा हिशेब मांड. दोघींनी तीन तास पोळ्या आणि तीन तास मोदक केले, तर मिळून ३०० पोळ्या आणि १२० मोदक होतात. त्याऐवजी धाकटी सहाही तास पोळ्याच करते: २४०. थोरली फक्त एक तास पोळ्यांना देते: ६०. उरलेले पाच तास ती मोदक वळते: १५०. पोळ्या तितक्याच, ३००. मोदक मात्र ३० जास्त. कुणाचा हात वाढला नाही, तांदळाच्या पिठीला कुणी नवं यंत्र लावलं नाही. तीस मोदक आले कुठून?

थोरली एक मोदक वळते तेव्हा तिच्या दोन पोळ्या बुडतात. धाकटीच्या चार बुडतात. मोदक थोरलीला स्वस्त पडतो, म्हणून तिने मोदक वळावेत. पोळी धाकटीला स्वस्त पडते, कारण एका पोळीपायी तिचा पाव मोदकच जातो, थोरलीचा अर्धा जातो. म्हणजे तुलना थोरली विरुद्ध धाकटी अशी नाहीच. थोरलीचे मोदक विरुद्ध थोरलीच्याच पोळ्या, आणि तसंच धाकटीचं. हा झाला तुलनात्मक लाभ. ‘सगळ्यात मागे’ असलेला माणूस किंवा देश असू शकतो. पण सगळ्याच बाबतींत सारखाच मागे असेल तरच त्याच्याशी देवघेव करण्यात अर्थ नाही, आणि असं क्वचित घडतं.

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये निरपेक्ष लाभापर्यंतची वाट दाखवली होती: जे बाहेर स्वस्त मिळतं ते घरी महाग का बनवायचं? पुढची पायरी १८१७ मध्ये डेव्हिड रिकार्डोने चढली. हा गृहस्थ प्राध्यापक नव्हता, लंडनच्या शेअर बाजारात पैसा कमावलेला दलाल होता. त्याचं उदाहरण तुझ्या पुस्तकात असेलच. ठरावीक कापड बनवायला इंग्लंडला वर्षभर १०० माणसं लागतात आणि ठरावीक वाइनला १२०. पोर्तुगालला कापडाला ९० आणि वाइनला ८०. पोर्तुगाल दोन्हींत वरचढ. तरीही इंग्लंडने कापड देऊन वाइन घेतली तर त्याला १२० माणसांचं काम १०० माणसांत मिळतं, आणि पोर्तुगालला ९० चं काम ८० मध्ये.

पाठ्यपुस्तकं एक गोष्ट घाईत सोडून देतात. मग निरपेक्ष लाभाचा उपयोग काय? त्यावर मिळकत ठरते. जावांनी तीन पोळ्यांना एक मोदक असा भाव लावला, तर थोरलीच्या तासाची किंमत ९० पोळ्या आणि धाकटीच्या तासाची ४०. दोघींचंही आधीपेक्षा बरं झालं, पण दोघी सारख्या झाल्या नाहीत. काय विकायचं हे तुलनात्मक लाभ सांगतो, मजुरी किती पडेल हे निरपेक्ष. बांगलादेशी शिलाई कामगाराची मजुरी कमी का आणि तरी तिथून शर्ट जगभर का जातात, याचं उत्तर या दोन वाक्यांत बरंचसं येतं.

वांद्रे-कुर्ला संकुलात हिऱ्याच्या दलालाकडे नोकरी करतो. पन्नाची खाण सोडली तर आपल्याकडे हिरा जवळपास निघतच नाही. मग जगातले बहुतेक हिरे आपल्याकडे कसे घडतात? — बोरिवली

या विषयावर माझ्या हाती आलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण तुम्ही रोज हातात धरता. लाभ वस्तूत नसतो, वस्तू बनण्याच्या एखाद्या टप्प्यात असतो. रफ, म्हणजे न घासलेला हिरा, आफ्रिकेतून आणि रशियातून निघते, अँटवर्प किंवा दुबईमार्गे येते, सुरतेत घासली जाते आणि मुंबईतून बाहेर पडते. यात आपला टप्पा घासण्याचा.

तो आपल्याकडे कसा आला ते पाहा. एक सेंटचा हिरा घ्या, म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग, दोन मिलिग्रॅम. चिमट्याने उचलावा लागतो, फुंकर बसली तर पुडीतून उडतो. पण फुल कट करायचा तर त्यालाही मोठ्या हिऱ्यासारखेच ५७ पैलू पाडावे लागतात. मेहनत थोडीफार तीच, किंमत नगण्य. अँटवर्पच्या कारागिराला तो घडवता येत नव्हता असं नाही. कदाचित सुरतेपेक्षा बराही घडवता आला असता. पण त्या वेळात तो मोठा खडा घडवू शकत होता, आणि बारीक दाण्यापायी त्याचं ते काम बुडालं असतं. सुरतेच्या कारागिरापुढे मोठा खडा नव्हताच. त्याच्या तासाला दुसरी फारशी किंमत नव्हती, म्हणून बारीक दाणा त्याला परवडला.

ऑस्ट्रेलियातली अर्गाइल खाण १९८० च्या दशकात जोरात सुरू झाली. तिच्यातून बराचसा बारीक आणि तपकिरी माल निघे. तो सुरतेकडे वळला त्याचं कारण हेच. अर्गाइल २०२० मध्ये बंद झाली. तोवर सुरतेने मोठे खडेही हाती घेतले होते, आणि मुंबईचा बाजार ऑपेरा हाउसच्या चिंचोळ्या जिन्यांमधून २०१० मध्ये तुमच्या संकुलात आला होता. बारीक कामावर हात बसला, त्यातून भांडवल जमलं, मग मोठं काम जमू लागलं. लाभ जन्मजात नसतो, असा कमावताही येतो.

आणि जातोही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, तेव्हा अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या दागिन्यांच्या युनिटांना पहिला फटका बसला. त्या सकाळी कारागिरांचे हात काही बिघडले नव्हते. दोन देशांच्या खर्चातल्या फरकातून होणारा फायदा शुल्काने मध्येच खाल्ला, इतकंच.

वडील लोअर परळला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. ‘व्यापाराने दोघांचा फायदा’ हे वाक्य वाचलं की राग येतो. आमचा फायदा कुठे झाला ते सांगा. — लालबाग

राग रास्त आहे. फक्त तो योग्य ठिकाणी पोचावा म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली. कापूस जवळ, १८५३ मध्ये रेल्वे आलेली, कापूस आणि अफूच्या व्यापारातून साठलेला पैसा आणि कोकणातून बोटीने येणारी माणसं. तेव्हा सुतात मुंबईला तुलनात्मक लाभ होता, आणि आपलं सूत चीनमध्ये खपत होतं. पुढे ती बाजारपेठ जपानने घेतली. १९८० च्या दशकात मात्र गिरण्यांना मारलं ते प्रामुख्याने परदेशी कापडाने नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर तेच कापड खूप कमी खर्चात निघत होतं. कामगार कायद्यांचा तिथे फारसा जाच नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या काळात मालकांनी माल बाहेरून विणून घ्यायची सवय लावून घेतली. आणि शेवटी जमीन. लोअर परळच्या एकरभर जमिनीवर साचे चालवायचे म्हणजे तिथे उभा राहू शकणारा टॉवर बुडवायचा, असा हिशेब झाला. मघाचाच जावांचा हिशेब, फक्त मोदकाच्या जागी टॉवर.

आता सिद्धांताकडे येतो. रिकार्डोच्या हिशेबात कापड विणणारा माणूस दुसऱ्या दिवशी वाइन बनवू लागतो. तुमचे वडील दुसऱ्या दिवशी काय करणार होते? वीस वर्षं साच्यावर काढलेला माणूस त्याच आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत फार तर वॉचमन होऊ शकला. हातातल्या कसबाची किंमत शून्य झाली, आणि ती भरून देणारी ओळ त्या तक्त्यात नाही. स्टोल्पर आणि सॅम्युएलसन या दोघांनी १९४१ मध्ये गणिताने दाखवलं की व्यापार खुला झाल्यावर देशाची एकूण बेरीज वाढली तरी एका गटाचं प्रत्यक्ष नुकसान होऊ शकतं. तेही तात्पुरतं असेलच असं नाही.

अर्थशास्त्रज्ञ यावर म्हणतात की जिंकणाऱ्यांना इतकं मिळतं की हरणाऱ्यांची भरपाई करूनही उरावं. ‘करता येईल’ आणि ‘केली’ यांत गिरणगाव बसतं. मुंबईतल्या बांधकामांसाठीच्या १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. वाटे आपोआप बारीक झाले. घरांसाठी अर्ज केलेल्या कामगारांपैकी आणि वारसांपैकी बहुतेकांना आजही घर मिळालेलं नाही. हा रिकार्डोचा दोष नव्हे. हे निर्णय मंत्रालयात झाले, आणि राग तिकडे गेला पाहिजे.

हा सिद्धांत म्हणजे इंग्रजांनी आपल्याला कापूस पिकवत ठेवण्यासाठी काढलेली पळवाट नव्हे काय? — निवृत्त शिक्षक, गिरगाव

काढला त्यासाठी नाही, वापरला मात्र त्यासाठी. रिकार्डोचं भांडण इंग्लंडच्याच जमीनदारांशी होतं. १८१५ च्या कायद्याने परदेशी धान्य अडवून त्यांनी भाव चढे ठेवले होते.

पण आपल्याकडे त्याचं काय झालं हे न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात नेमकं पकडलं. उष्ण देशांनी कच्चा माल पिकवायचा आणि समशीतोष्ण देशांनी त्याचा पक्का माल करायचा, ही जणू निसर्गाचीच वाटणी आहे, या समजावर त्यांनी हल्ला चढवला. तो योग्यच होता. सतराव्या शतकात भारतीय छापील कापड इंग्लंडमध्ये इतकं खपत होतं की १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून ते अडवावं लागलं. यात निसर्ग कुठे आला? आणि मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्यावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावाखाली १८९६ मध्ये इथल्याच गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला गेला. तो १९२६ पर्यंत हटला नाही. खुल्या व्यापाराचे गोडवे गाणाऱ्यांनीच हे केलं.

सिद्धांत आजच्या खर्चाचा फोटो काढतो. उद्या काय शिकता येईल ते त्या फोटोत येत नाही. म्हणून कोवळ्या उद्योगाला काही काळ आडोसा द्यावा, हे म्हणणं मला पटतं. ‘काही काळ’ हे शब्द मात्र अधोरेखित करतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या पद्मिनी मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणारे आपल्यापैकी अनेक जण असतील. आडोसा चार दशकं राहिला आणि गाडी जवळपास तशीच राहिली.

शेतीप्रधान देश म्हणवतो, मग खायचं तेल इंडोनेशिया-मलेशियातून का? — गृहिणी, ठाणे

कारण तेलात त्या देशांचा निरपेक्ष लाभच इतका प्रचंड आहे की तुलनात्मक लाभही त्यांच्याकडेच जातो. पामच्या बागेतून हेक्टरी तीन-साडेतीन टन तेल निघतं, आपल्या सोयाबीनमधून अर्धा टनही नाही. शिवाय गहू-तांदळाची हमीभावाने खरेदी होते, म्हणून ज्याच्याकडे पाणी आहे तो शेतकरी तेलबियांकडे वळत नाही. गरजेचं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं ते यामुळे.

यातली मेख वेगळी आहे. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात एकाएकी थांबवली. बंदी जेमतेम साडेतीन आठवडे टिकली, पण तेवढ्यात बाजाराची झोप उडाली. विकणारा उद्या विकेलच, असं सिद्धांत गृहीत धरतो. आपण मात्र इंडोनेशियाला नावं ठेवू नयेत. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ आपणही कांद्याची निर्यात बंद ठेवली होती, आणि आपल्या कांद्यावर विसंबलेल्या देशांच्या स्वयंपाकघरांत तेव्हा हाच प्रश्न विचारला गेला असेल.

परीक्षेत आकड्यांचं कोष्टक आलं की माझं उत्तर हमखास उलटं येतं. — टी.वाय.बी.ए., मुलुंड

कोष्टकाचं शीर्षक आधी वाच. ‘एका तासात किती नग’ असं दिलं असेल तर मोठा आकडा चांगला. ‘एका नगाला किती तास’ किंवा ‘किती माणसं’ असं दिलं असेल तर लहान आकडा चांगला. जावांचं कोष्टक पहिल्या प्रकारचं, रिकार्डोचं दुसऱ्या. मग मोदकाची पोळ्यांतली किंमत काढताना पहिल्या प्रकारात पोळ्यांना मोदकांनी भाग द्यायचा: ६० भागिले ३० म्हणजे २. दुसऱ्या प्रकारात भागाकार उलटा होतो. पोर्तुगालच्या वाइनची कापडातली किंमत काढायची तर वाइनची ८० माणसं भागिले कापडाची ९०, म्हणजे ०.८९. इंग्लंडची १२० भागिले १००, म्हणजे १.२. जिथे लहान उत्तर, तिथे त्या वस्तूचा तुलनात्मक लाभ. दोन्ही देशांची उत्तरं सारखी आली तर घाबरून परत गणित करू नकोस. धाकटी ४० पोळ्या किंवा २० मोदक करत असती तर तिचंही उत्तर २ च आलं असतं. अशा वेळी ‘व्यापारातून कोणालाच लाभ नाही’ हेच बरोबर उत्तर असतं, आणि परीक्षक ते मुद्दाम विचारतात.