रावेरकडे गॅरेजचं लोखंडी शटर खालून गंजलंय, स्वस्तात कोणतं बसवावं?

१० बाय ८ फुटांच्या दाराला हाताने ओढायचं जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याचं) शटर पुरतं, ०.९ मिमी (२० गेज) पट्टीचं. मोटर नको. साधं लोखंडी आज स्वस्त पडेल, पण रंगाचा खर्च मागे लागतो.

गंज सुरू होतो खालच्या पट्टीत आणि गाइडच्या (शटर ज्यात सरकतं त्या बाजूच्या खाचेच्या) तळाशी, कारण पावसाळ्यात पाणी तिथेच साचतं. उंबरा बाहेरच्या बाजूला उतरता करा, गाइडच्या तळाला पाणी निघायला वाट ठेवा. वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं. त्या जागी झिंक प्रायमर समोर उभं राहून मारून घ्या. आत केळीला घालायच्या पोटॅश खताची पोती असतील तर आधी हलवा, त्यातलं क्लोराइड दमट हवेत जीआयलाही खातं. जुन्या स्प्रिंगा नव्या शटरच्या वजनाला जुळल्या तरच वापरा, नाहीतर शटर अर्ध्यावरून खाली येतं.