लोडरचा गिअरबॉक्स गेला आणि वर एचपी (आरसीवर फायनान्सचा बोजा) निघाली, आता काय करायचं?

तुमचा मेसेज दोनदा वाचला. मला जे समजलं ते आधी थोडक्यात मांडतो. क्रशरवर टिप्परमध्ये खडी भरायला २०११ चा जुना टायर लोडर एका दलालाकडून साडेअकरा लाखांत घेतला. पाच लाख बँकेतून दिले, तीन रोख दिले आणि उरलेल्या साडेतीनचा पुढच्या तारखेचा चेक. स्टॅम्पपेपरवर 'मशीन जशी आहे तशी, जिथे आहे तिथे' असं लिहिलंय आणि सही दलालाची आहे, आरसी मात्र तिसऱ्याच माणसाच्या नावावर. तीन आठवड्यांत मशीन गरम झाली की रिव्हर्स पडेना, फिटरने ऑइल बघितलं तर म्हणतो हे ट्रान्समिशनचं नाहीच, मुद्दाम जाड टाकलंय. आणि आता फायनान्सवाले येऊन सांगतायत की मूळ मालकाने मशीनवर लोन काढलंय, चार लाख वीस हजार थकलेत, मशीन उचलणार.

तुमच्या मेसेजमध्ये बारा आणे राग गिअरबॉक्सचा आहे आणि फायनान्सचं शेवटी दोन ओळीत आलंय. मी म्हणेन उलटं करा. गिअरबॉक्सची केस लंगडी आहे, बोज्याची भक्कम आहे.

लंगडी का ते सांगतो. माल विक्री कायदा १९३० चं कलम १६ म्हणतं की विकणारा त्याच मालाचा धंदा करत असेल तर माल बाजारात चालण्याजोगा पाहिजे, पण तुम्ही माल तपासून घेतला असेल तर त्या तपासणीत जे दिसायला हवं होतं त्याबद्दल नंतर तक्रार चालत नाही. तुम्ही फिटर घेऊन गेला होतात, अर्धा तास मशीन चालवली. समोरचा वकील हेच धरणार, आणि वर 'जशी आहे तशी' आहेच. मीटरवर ६४०० तास होते म्हणता, आता क्रशरवर राबलेली मशीन वर्षाला दीड हजार तास जरी चालली तरी इतक्या वर्षांत आकडा वीस हजाराच्या आसपास जायला पाहिजे, म्हणजे मीटर बदललाय किंवा बंद होता हे उघड आहे, पण कोर्ट तुम्हालाच विचारणार की धंद्यातला माणूस असून तुम्हाला कळलं नाही का.

एकच गोष्ट यात जीव आणू शकते, ते जाड ऑइल. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक होत नाही, पण दोष मुद्दाम झाकला तर करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे होते, आणि क्लच प्लेटा घसरतायत हे कळू नये म्हणून जाड ऑइल भरलं हे सिद्ध झालं तर ते झाकणंच आहे. म्हणून कृपा करून गिअरबॉक्स उघडू नका! उघडला की पुरावा गेला, मग ते म्हणणार तुमच्याच फिटरने वाट लावली. काढलेलं ऑइल दोन बाटल्यांत सील करून तारीख टाकून पंचांच्या सह्या घ्या, दलालाला आणि मालकाला लेखी कळवा की अमुक दिवशी तुमच्या माणसासमोर मशीन उघडणार आहे, या नाहीतर गैरहजेरीत उघडू. तोवर काम अडलं तर दुसरा लोडर भाड्याने लावा, त्याची बिलं ठेवा. पिना-बुशला ग्रीस, फिल्टर, हे चालू ठेवा आणि त्याचीही बिलं ठेवा, मशीन उन्हात सडत ठेवली तर नुकसान कमी करायला तुम्ही काहीच केलं नाही असं बोलतील.

आता बोजा. माल विक्री कायद्याच्याच कलम १४ मध्ये आहे की विकलेल्या मालावर तुम्हाला न सांगितलेला कुणाचा बोजा नाही, अशी हमी विकणारा देतोच, कागदावर लिहिलेलं नसलं तरी. 'जशी आहे तशी' हे मशीनच्या अवस्थेबद्दल आहे, त्यात चार लाखांचं लोन बसत नाही असं आपण ठामपणे म्हणू शकतो. समोरचे म्हणतील एमपरिवहन अॅपवर आरसी नंबर टाकला असता तर फायनान्सरचं नाव दिसलं असतं. खरंय, आणि हे तुम्ही करायला हवं होतं, पाच मिनिटांचं काम आहे. पण कलम १४ विचारतं की तुम्हाला माहीत होतं का, सांगितलं होतं का. शोधता आलं असतं का हा मुद्दा तिथे तितका जड पडत नाही, करार रद्द करायला निघालात तर तो आडवा येतो. म्हणून मी सौदा मोडायच्या भानगडीत पडू नका म्हणेन. कलम ५९ प्रमाणे हमी मोडली तर नुकसान किमतीतून वळतं करता येतं, आणि तुमच्या हातात अजून साडेतीन लाख आहेत.

फक्त तो चेक. ही सगळ्यात घाईची गोष्ट आहे. चेक भरला गेला आणि परत आला की चेक बाउन्सच्या कायद्याच्या (परक्राम्य संलेख अधिनियम) कलम १३८ ची नोटीस येते, १५ दिवसांत पैसे द्या म्हणून, आणि स्टॉप पेमेंट केलं म्हणून १३८ मधून सुटका होते असं समजू नका, सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच सांगितलंय की स्टॉप पेमेंटचा चेकही त्यात येतो. म्हणून चेकच्या तारखेच्या आधी वकिलामार्फत नोटीस गेली पाहिजे की बोजा लपवलाय, रक्कम वळती करतोय, चेक भरू नका. मग बँकेला स्टॉप पेमेंट लिहून द्या आणि खात्यात साडेतीन लाख पूर्ण ठेवा, पैसे नसल्यामुळे नाही तर वाद असल्यामुळे थांबवलंय हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते.

फायनान्सवाल्यांशी भांडू नका. त्यांचा हक्क खरा आहे, पद्धत मात्र कायदेशीर पाहिजे, गुंड लावून गाडी उचलता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००७ च्या आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर निकालात स्पष्ट केलंय. ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा, सरेंडरच्या (मशीन स्वखुशीने देतोय अशा) कागदावर सही करू नका, दमदाटी झाली तर ११२. मशीन रात्रीतून दुसऱ्या साइटवर लपवायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका, त्याने तुमची चांगली बाजू खराब होईल.

माझ्या मते तोडगा असा. फायनान्स कंपनीकडून लोन बंद करायचा आकडा लेखी घ्या, थकलेत ते हप्ते की पूर्ण लोन हेही त्यात कळेल. समजा पूर्णच ४ लाख २० हजार निघाले, तर दलाल-मालक-तुम्ही बसून ठरवा की साडेतीन लाख थेट फायनान्सला जातील, वरचे सत्तर हजार दलाल किंवा मालक भरेल, एनओसी आणि सही केलेला फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा) हातात आल्यावरच पैसे सुटतील. एचपी उतरली की फॉर्म २९, ३० वर ट्रान्सफर. फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ नाव चढवतच नाही. मालक नाहीच म्हणाला आणि मशीन वाचवायला तुम्हीच सगळे भरले तर करार कायदा कलम ६९ खाली वसूल करता येतात, कारण दुसऱ्याचं देणं तुम्ही स्वतःचा माल सुटावा म्हणून भरलंय.

मालक ऐकेल का? ऐकेल, त्याला एकच गोष्ट समजावा. नोंद त्याच्या नावावर आहे तोवर मशीनखाली कुणी आलं तर भरपाईला तोच मालक, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार, २०१८. हे कळल्यावर बरेच जण स्वतःहून आरटीओत येतात. तुम्हीही विमा बघून घ्या, संपला असेल तर क्रशरच्या बाहेर रस्त्यावर लोडर काढू नका.

रोख तीन लाखांचं तुम्ही घाबरून विचारलंय. दोन लाख किंवा जास्त रोख घेतल्याचा इन्कमटॅक्सचा दंड घेणाऱ्याला असतो आणि तो तेवढ्याच रकमेचा असतो, त्यामुळे दलाल पावती देणार नाही. पण 'तीन पोचले' असा व्हॉइस मेसेज आहे म्हणता, तर तो फोन विकू नका, रिसेट करू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लावून तो कोर्टात देता येतो.

ग्राहक आयोगात जाऊ नका. क्रशर, कामगार, टिप्पर असा धंदा आहे, व्यावसायिक कारण म्हणून बाहेर काढतील. दावा करायची वेळ आली तर रक्कम तीन लाखांच्या वर असल्याने बहुधा व्यावसायिक न्यायालयात जाईल आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थी करावीच लागते, व्यावसायिक न्यायालय कायद्याचं कलम १२ए. फसवणुकीची फिर्याद भारतीय न्याय संहिता ३१८ खाली देता येते, पण पोलीस आधी दिवाणी म्हणणार, त्यामुळे नोटिशीची पोच जोडल्याशिवाय चौकीत जाऊ नका.

आणि हो, आरसीवर मुदत किती आहे ते बघा. २०११ ची नोंदणी असेल तर १५ वर्षं २०२६ मध्ये भरतात, नूतनीकरणाचा खर्च कुणाचा हे त्याच बैठकीत लिहून घ्या, नाहीतर ट्रान्सफरच्या वेळी तो पण तुमच्याच गळ्यात पडेल.