बारा पुस्तके आणि एक महिना

प्रश्न : दर उन्हाळ्यात मला महिनाभराची सवड मिळते आणि दर वर्षी मी मोठ्या हौसेने दहा-बारा पुस्तकांची यादी करते. प्रत्यक्षात वाचून होतात दोन-तीन, आणि त्याही कादंबऱ्याच. कविता, आत्मचरित्र, विज्ञान असे सारे यादीत असते. पण तिथवर पोचेपर्यंत सुट्टी सरलेली असते. यंदा रोज दुपारचा एक तास वाचनासाठी राखून ठेवणार आहे. वाचनात खरोखर विविधता यावी, यासाठी यादी कशी करावी?

उत्तर : आपली यादी फसते ती हौस कमी पडते म्हणून नव्हे, तर ती पुस्तकांच्या संख्येत केलेली असते म्हणून. तेव्हा आधी पाने मोजावीत. घड्याळ समोर ठेवून २० मिनिटे नेहमीच्या वेगाने वाचावे. १० पाने झाली, तर तासाची ३० पाने झाली. महिन्यातले सहा-सात दिवस पाहुणे, प्रवास आणि आळस यांच्या नावाने आधीच वजा करावेत. उरलेल्या २४ दिवसांत ७२० पाने होतात. हा आकडा पाहून प्रथम मन खट्टू होते खरे, परंतु बारा पुस्तकांचा हट्ट सोडायला त्याचीच मदत होते. एक ३०० पानांचे पुस्तक, दीडदीडशे पानांची दोन, आणि उरलेली १२० पाने कविता व लेखांसाठी, एवढीच आपली खरी ऐपत आहे.

आता विविधतेविषयी. एक कादंबरी, एक चरित्र, एक प्रवासवर्णन अशी खाती पाडली की विविधता आपोआप येते, असा समज आहे आणि तो मला पटत नाही. एका वर्षी मी लागोपाठ तीन आत्मचरित्रे वाचली. व्यक्ती निरनिराळ्या क्षेत्रांतल्या होत्या, तरी तिसऱ्यापर्यंत कुणाचे बालपण कुठे गेले याचा माझ्या डोक्यात पार गोंधळ झाला. फरक लागतो तो आवाजाचा, गतीचा आणि काळाचा. दोन प्रवासच पाहा. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेला एक भिक्षुक १८५७च्या धामधुमीत सापडतो आणि झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहतो, १९०७ साली छापल्या गेलेल्या या हकिकतीची भाषा आजच्या वाचकाला थांबत थांबत वाचावी लागते. विश्राम बेडेकरांची १९३९ सालची ‘रणांगण’ ही छोटी कादंबरीही प्रवासातच घडते, पण ती युरोपातून परतणाऱ्या बोटीवर, युद्धाच्या सावटाखाली, आणि तिची वाक्ये तुटक व वेगवान आहेत. विषय एका जातीचा असूनही ही दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचताना कंटाळा येणार नाही, कारण कान बदलावा लागतो.

यादीत एखादे पुस्तक आपल्या व्यवसायाशी आणि आवडीशी काडीचाही संबंध नसलेले असावे. विज्ञानाचे हवे असेल, तर ते विकत किंवा उसने घेण्यापूर्वी मधलेच पान उघडून दोन परिच्छेद मोठ्याने वाचून पाहावेत. प्रस्तावना बहुधा गोड असते, मधले पान खरे बोलते. जीभ अडखळली नाही आणि ‘पुढे काय’ असे मनात आले, तर पुस्तक घरी आणावे.

कविता आणि ललित लेख यांना मात्र रांगेत उभे करू नये. आपल्या यादीत ते शेवटी राहतात याचे कारण आधीचे पुस्तक संपल्याशिवाय त्यांची पाळीच येत नाही. त्यांची रोजची चार-पाच पाने मुख्य पुस्तकाच्या आधी, तासाच्या सुरुवातीलाच वाचावीत. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये मराठी महिन्यांप्रमाणे लेख आहेत. तेव्हा ज्या महिन्यात आपण आहोत त्याचाच लेख काढावा, निम्मा वाचून खिडकीबाहेरचे झाड पाहावे आणि मग उरलेला वाचावा. पूर्ण पुस्तक याच सुट्टीत संपवलेच पाहिजे, असे मुळीच नाही.

जाड पुस्तक पहिल्या आठवड्यात सुरू करावे, कारण अखेरच्या आठवड्यात हाती घेतलेला ग्रंथ सहसा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसाच राहतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मूळ चार भागांत प्रसिद्ध झाली. तिची संपूर्ण आवृत्ती निवडली, तर दीडशे पानांच्या दोन पुस्तकांपैकी एकाला रजा द्यावी लागेल आणि ती खुशाल द्यावी.

प्रश्न : याच वाचकांचे पुढे विचारणे आहे की, सुरू केलेले पुस्तक रुचले नाही, तर ते नेटाने पूर्ण करावे का?

उत्तर : ५० पाने द्यावीत, जुन्या भाषेचे पुस्तक असेल तर ७०. तरीही ओढ लागली नाही, तर ज्या पानावर थांबलात तिथे पेन्सिलीने बारीकशी तारीख घालून ते मिटावे आणि त्याच्या जागी घेण्यासाठी एक पुस्तक आधीपासूनच बाजूला काढून ठेवलेले असावे. पुस्तक दुसऱ्याचे असेल, तर तारीख वहीत लिहावी.