मेलबर्नहून आणलेल्या किटवर साताऱ्यात गव्हाची बिअर होईल का?

तुम्ही विचारलंय की मामेभाऊ दिवाळीला मेलबर्नहून गव्हाच्या बिअरचं किट आणतोय, तर साताऱ्यात घरी ती जमेल का, काही विषारी तर होणार नाही ना, आणि तिला केळ्याची चव लागते म्हणतात ते खरं का.

मी सांगलीचा. मेलबर्नला साडेचार वर्षं होतो, तेव्हा कराडच्या रूममेटबरोबर अशा डब्यांवर सात-आठ घाणे काढलेत. सगळं सांगतो, पण आधी इथलं. इथे करू नका. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ (जुनं नाव मुंबई दारूबंदी अधिनियम) याच्या कलम ६५ खाली विनापरवाना दारू तयार करणं गुन्हा आहे आणि त्या दारूत बिअरही आली. ती तयार करण्यासाठी भांडी-साहित्य बाळगणंसुद्धा त्यात येतं. घरच्यापुरती, हौसेची, असली सूट नाही. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीज रीतसर परवाना काढून करतात. ऑस्ट्रेलियात सत्तरच्या दशकापासून घरी प्यायला बिअर करायची मोकळीक आहे, फक्त विकायची नाही आणि भट्टी लावून दारू गाळायची नाही. तेव्हा भावाला म्हणावं, तिकडेच कर. तुम्ही कधी गेलात तर हाताखाली उभे राहा.

विषाची भीती आपल्याकडे हातभट्टीच्या बातम्यांमुळे असते. तिथे माणसं दगावतात ती बहुतेक मिथेनॉल मिसळल्यामुळे. धान्याच्या बिअरमध्ये ते नगण्य असतं आणि इथे काही गाळायचंही नसतं. बिअर बिघडली तर आंबट होते, घाण वास मारते, मोरीत ओतावी लागते. एवढंच.

आता किट. डबा १.७ किलोचा, उघडला की आत काळपट तांबूस, काकवीसारखं घट्ट. ते माल्ट एक्स्ट्रॅक्ट. नाचणीचं सत्त्व करताना आपण धान्याला मोड आणून वाळवतो ना, माल्ट म्हणजे तेच. मोडामुळे पिठातल्या स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स तयार होतात. मग तो दळून गरम पाण्यात ठेवायचा, गोड रस गाळून आटवायचा. गव्हाला जवासारखं टरफल चिकटून राहत नाही, म्हणून नुसत्या गव्हाचा रस गाळायला घेतला की खाली लगदा बसतो. त्यासाठी जव मिसळतात. जर्मनीत मात्र गव्हाची बिअर म्हणायला निदान निम्मं माल्ट गव्हाचं लागतं. डब्यात हे सगळं झालेलं असतं, हॉप्सचा, म्हणजे एका वेलीच्या फुलांचा, कडूपणाही घातलेला असतो. तुमच्या वाट्याला अर्ध्या तासाचं काम उरतं. डबा गरम पाण्यात ठेवून पातळ करायचा, बादलीत ओतायचा, किलोभर माल्ट पावडर घालायची, पाणी घालून २३ लिटर करायचं, यीस्ट भुरभुरायचं, झाकण लावायचं. स्वच्छता मात्र आईच्या लोणच्याच्या बरणीसारखी. जंतुनाशकाच्या पाण्यातून न गेलेला चमचा आत जाता कामा नये.

खरी गोष्ट तापमानाची आहे, आणि तीच मला कुणी सांगितली नव्हती.

पहिला घाणा आम्ही फेब्रुवारीत लावला. तिकडे तो ऐन उन्हाळा. गॅरेजमध्ये ३२ अंश. एअरलॉक (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) असा बुडबुडत होता की आम्ही खूश, दोन दिवसांत शांतही झाला. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर नेलपॉलिश रिमूव्हरचा वास. रूममेट हट्टाने दोन ग्लास प्यायला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं धरून बसला. यीस्टला जास्त गरम झालं की ते भराभर काम उरकतं आणि नको ती जड अल्कोहोलं मागे सोडतं. जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या थंडीत, बादलीभोवती सोलापुरी चादर गुंडाळली आणि १८-१९ अंशांवर बारा दिवस ठेवली. डबा त्याच जातीचा, पाणी तेच, पण बिअर ओळखू येईना, इतकी वेगळी.

केळं खरंच लागतं. आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचा पदार्थ, पिकलेल्या केळ्यातही तोच असतो. त्याच्या जोडीला लवंगेसारखा एक वास येतो. दोन्ही यीस्ट करतं, गहू नाही. ढोबळमानाने १७-१८ अंशांला लवंग पुढे, २१-२२ ला केळं पुढे. आणि इथेच बरीच किटं फसवतात. झाकणाखाली जे यीस्टचं पाकीट असतं ते पुष्कळदा सरसकट एल नावाच्या साध्या बिअरचं असतं, त्याने केळंही येत नाही आणि लवंगही नाही. भावाला गव्हाच्या बिअरचं वेगळं यीस्ट घ्यायला सांगा. आम्ही फर्मेंटिसचं डब्ल्यूबी-०६ वापरायचो, ११.५ ग्रॅमचं पाकीट. गढूळ, पांढुरकी, वर चार बोटं फेस, अशी झाली की जमली. धणे आणि संत्र्याच्या सालीची जी बिअर मिळते ती बेल्जियन पद्धतीची, तिचं घराणं निराळं. तुम्हाला ती आवडत असेल तर जर्मन पद्धतीच्या डब्यातून ती निघणार नाही.

एक वास मात्र कुणी लिहून ठेवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बादलीजवळ गेलं की मला हटकून कुरडयांसाठी भिजत घातलेला गहू आठवायचा. तसा आंबूस वास पहिल्या दिवसांत आला तर घाबरू नका, दोन आठवड्यांनीही तसाच राहिला तर मात्र घाणा गेला.

बाटल्या भरण्याची घाई करू नका. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी रसात तरंगते आणि साखर किती उरली ते दाखवते. साध्या पाण्यात आकडा १.००० येतो, साखर असेल तितका वर. आमचा आकडा सुरुवातीला १.०४६, शेवटी १.०११ यायचा, म्हणजे साधारण ४.६ टक्के अल्कोहोल. शेवटचा आकडा दोन-तीन दिवस हलला नाही तरच भरायचं. मग ७५० मिलीच्या बाटलीत सहा ग्रॅम साखर, त्यातून गॅस तयार होतो. तिसऱ्या घाण्याला मी एकदाच आकडा बघितला आणि भरलं. रात्री दोन वाजता कपाटात एक काचेची बाटली फुटली. रूममेटला वाटलं चोर आला, तो क्रिकेटची बॅट घेऊन उठला. उरलेल्या बाटल्यांची टोपणं आम्ही जाड टॉवेल हातात धरून एकेक सैल केली. सुरुवातीला प्लॅस्टिकच्याच बाटल्या घ्या. फुगल्या की बोटाने दाबून कळतं.

समजा कायदा नसता, तरी सांगलीच्या एप्रिलात ३८-४० अंशांत ही बादली ठेवायला जुना फ्रिज आणि थर्मोस्टॅट लागला असता. साताऱ्याला डिसेंबर-जानेवारीत कदाचित निभावलं असतं.

तेव्हा किट तिकडेच राहू दे, पण हायड्रोमीटर आणायला सांगा, हजार ठिकाणी उपयोगी पडतो. माझा मी कपड्यांत गुंडाळून आणला. मागच्या नोव्हेंबरात चुलत्यांच्या उसाचा रस काढून त्यात सोडला तर १.०७५, म्हणजे १८ ब्रिक्सच्या आसपास, शंभर ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम साखर. चुलत्यांनी चष्मा लावून दोनदा रेघ बघितली आणि म्हणाले, "तोडीला आलाय. कारखान्याच्या स्लिपबॉयला फोन लाव."