ओळखीचे शब्द कानाला का कळत नाहीत?

प्रश्न : मी मराठी माध्यमातला. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, ऐकण्याच्या चाचणीच्या चौथ्या भागातलं व्याख्यान ऐकताना माहीत असलेले शब्दही निसटतात. काय करू? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : हे शब्द तुम्ही वाचलेत, पुरेसे ऐकलेले नाहीत. ‘अ‍ॅनालिसिस’मध्ये जोर ‘ना’वर येतो, ‘अ‍ॅनालिटिकल’मध्ये ‘लि’वर, म्हणून एकाच कुळातले शब्द परके वाटतात. व्याख्यानाचा २ मिनिटांचा तुकडा घ्या. आधी नुसता ऐका, मग वाक्यागणिक थांबवून लिहा, शेवटी छापील मजकुराशी ताडून चुकलेली वाक्यं मोठ्यानं म्हणा. सबटायटल्स सुरुवातीला अजिबात नकोत. डोळे वाचू लागले की कान ऐकत नाहीत. शब्दांसाठी भाषातज्ज्ञ कॉक्सहेड यांची २००० सालची, अभ्यासाच्या इंग्रजीत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी (अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्ट) घ्या, रोज ५ पुरेत. परीक्षेत ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात, तेव्हा न थांबवता ऐकण्याचाही सराव अधूनमधून कराच.